परगावची जुनी ट्रॉली घ्यावी का?

भद्रावती तालुक्यातल्या एका ताईंचे पत्र आले आहे. नाव-गाव छापू नका असे त्यांनी वरच लिहिले आहे, म्हणून छापत नाही. मजकूर थोडक्यात असा. घरी नऊ एकर शेती. सहा एकरांत सोयाबीन, तीन एकरांत कपाशी आणि तिच्यात तुरीचे तास. तीन वर्षांपूर्वी कर्ज काढून ट्रॅक्टर घेतला, त्याचे हप्ते चालू आहेत. ट्रॉली मात्र नाही, ती दर वेळी भाड्याने आणावी लागते. आता कारभाऱ्यांनी मोबाईलवर कोल्हापूरकडची एक जुनी ट्रॉली पाहिली आहे. फोटो झकास, रंग नवा कोरा, किंमत पंच्याऐंशी हजार. विकणारा म्हणतो, आज वीस हजार पाठवा, नाही तर उद्या दुसरे गिऱ्हाईक घेऊन जाईल. वीस हजार घरात आहेत, पण ते मोठ्या मुलीच्या नर्सिंगच्या प्रवेशासाठी बाजूला ठेवलेले आहेत. ताई शेवटी लिहितात, "आमचे हे माझे ऐकत नाहीत, छापलेले मात्र ऐकतात. काय ते लवकर लिहा."

तर पहिली गोष्ट पहिल्यांदा. वीस हजार पाठवू नका. वीसही नको आणि दोनही नको. ट्रॉली डोळ्यांनी पाहिल्याशिवाय आणि तिचे कागद हातात घेऊन वाचल्याशिवाय एक रुपयाही घराबाहेर जाऊ द्यायचा नाही. उद्या दुसरे गिऱ्हाईक घेऊन जात असेल तर खुशाल घेऊन जावो. महाराष्ट्रात ट्रॉल्यांचा दुष्काळ पडलेला नाही.

आता कारभाऱ्यांशी दोन शब्द. तुमची ट्रॉलीची हौस चुकीची आहे असे कोणी म्हणत नाही. हिशेब मांडूनच पाहू. सहा एकर सोयाबीनचे एकरी सहा क्विंटल धरले तर छत्तीस क्विंटल, म्हणजे बाजाराची एखाद-दुसरी फेरी. कापूस वजनाने थोडा पण आकाराने मोठा, त्याच्या दोन-तीन फेऱ्या. एवढ्यासाठी ट्रॉली कोणी घेत नाही. पण शेणखत आहे. नऊ एकरांत एकरी दोन ट्रॉल्या टाकायच्या म्हटल्या तर अठरा फेऱ्या झाल्या. कुटार आहे, तुराट्या-पराट्या आहेत, बियाण्यांच्या आणि खतांच्या पिशव्या आहेत. वर्षाला तीस फेऱ्या सहज भरतात. फेरीला आठशे रुपये भाडे धरले तरी चोवीस हजार होतात. म्हणजे पंच्याऐंशी हजारांची धड ट्रॉली साडेतीन वर्षांत आपली किंमत फेडते. शिवाय भाड्याची ट्रॉली आपल्याला हवी तेव्हा मिळत नाही. आभाळ भरून आले आणि सोयाबीनची गंजी उघडी पडली आहे, त्या दिवशी तर नाहीच. तेव्हा ट्रॉली घ्या. प्रश्न आहे तो कोणती, कुठून आणि कशी, एवढाच.

आपल्या आज्या-पणज्यांनी बंड्या घेतल्या त्या काही फोटो पाहून घेतल्या नाहीत. बंडी घ्यायला माणूस जायचा तो गावच्या सुताराला सोबत घेऊन. तुंबा बाभळीचा आहे का, आरे तिवसाचे आहेत की कसल्या हलक्या लाकडाचे, धाव नीट बसली आहे की पाचर मारून तात्पुरती घट्ट केली आहे, हे सुतार वाकून पाहायचा. मालक मात्र तोवर बैलांची तारीफ करीत असायचा. लाकडाच्या जागी लोखंड आले, सुताराच्या जागी वेल्डिंगवाला आला, तारीफ मात्र तीच आहे. भद्रावतीच्या ग्रामोदय संघाने मातीच्या कामाला नाव मिळवून दिले. त्या गावच्या माणसाला मडके वाजवून घ्यावे हे दुसऱ्या कोणी सांगायला नको. मग ट्रॉली तेवढी न वाजवता का घ्यायची?

कोल्हापूर-सांगलीकडच्या ट्रॉल्या आपल्याकडे का दिसू लागल्या तेही समजून घ्या. तिकडे ऊस आहे. दिवाळीच्या आगेमागे कारखान्यांचे गाळप सुरू होते आणि साधारण मार्च-एप्रिलपर्यंत चालते. त्या चार-पाच महिन्यांत एकेका ट्रॅक्टरमागे दोन-दोन ट्रॉल्या जोडून रात्रंदिवस ऊस ओढतात. हंगाम संपला की ज्यांना पैसा मोकळा करायचा असतो ते ट्रॉल्या विकायला काढतात. म्हणून उन्हाळ्यात भाव थोडा उतरलेला असतो आणि दसऱ्याच्या तोंडावर चढलेला. पण उसाच्या ट्रॉलीने वजन फार सोसलेले असते. मापाबाहेर लादून खड्ड्यांतून ओढली की आस वाकतो, चेसिसला चिरा जातात. शिवाय पुष्कळशा उसाच्या ट्रॉल्यांना बाजूचे फाळकेच नसतात, मागेपुढे नुसती चौकट असते. ऊस आडवा रचला की त्याला फाळके लागत नाहीत. आपल्या शेणखताला आणि कुटाराला मात्र चारी बाजूंनी बंद हौदा हवा. नवे फाळके आणि पत्रा बसवायचा म्हटले तर स्वस्त ट्रॉली पुन्हा महाग झालीच.

दुसरे, दोन चाकी की चार चाकी हे आधी ठरवा. चार चाकी ट्रॉली डांबरी सडकेवर छान चालते. आपल्या काळ्या जमिनीत, पावसाळ्यातल्या पांदणीत, तिला मागे घेणे म्हणजे नवशिक्याची सत्त्वपरीक्षा. दोन चाकी ट्रॉलीचे थोडे वजन दांडीवरून ट्रॅक्टरच्या मागच्या चाकांवर येते, त्यामुळे चाके चिखलात बरी धरतात. तिला हायड्रॉलिकचा जॅक असेल तर शेणखत ओतायला चार माणसे लागत नाहीत. नऊ एकरवाल्या घराला दोन चाकी पुरे. फोटोतली ट्रॉली चार चाकी असेल आणि केवळ स्वस्त म्हणून घेत असाल तर घेऊ नका, असे माझे स्पष्ट मत आहे.

आता प्रत्यक्ष पाहणी. हिला वेळ द्या आणि ती उजेडात करा. संध्याकाळी पोचलात तर मुक्काम करा, पण दिवाबत्तीला सौदा करू नका. सोबत आपला वेल्डिंगवाला किंवा ट्रॅक्टरचा मिस्त्री न्या. त्याची दोन दिवसांची मजुरी आणि तिकीट द्यावे लागले तरी ते जड नाही.

नवा कोरा रंग दिसला की खूष होऊ नका, उलट सावध व्हा. रंगाखाली काय आहे ते पाहण्यासाठी एक लहान हातोडी खिशात ठेवा. हौद्याच्या तळाचा पत्रा खालून ठोकत जा. शाबूत पत्रा खणखणतो, गंजलेला भद्द आवाज करतो. मग दांडी पाहा. दांडी चेसिसला जिथे जोडली आहे तिथे सगळा ताण येतो. त्या जोडावर वेल्डिंगच्या जुन्या-नव्या रेघा एकावर एक दिसल्या तर ती तिथे आधी तुटलेली आहे हे नक्की समजा. हुकाचे भोक गोल आहे की झिजून अंड्यासारखे लांबट झाले आहे तेही पाहा. लांबट भोकात पिन हिसके खाते आणि एखाद्या उतारावर निसटते. ट्रॅक्टर पुढे आणि भरलेली ट्रॉली मोकळी, हे चित्र कोणी डोळ्यांसमोर आणले तर तो या भोकाकडे दुर्लक्ष करणार नाही.

त्यानंतर चाके. ट्रॉली सपाट जागी उभी करून मागून, दहा-पंधरा पावलांवरून, पाहा. दोन्ही चाके सरळ उभी आहेत की वरून आत कलली आहेत? कलली असतील तर आस वाकलेला आहे. टायर एकाच बाजूने झिजले असतील तरीही तोच संशय घ्या. मग दुसऱ्या चाकाला पुढून-मागून दगड लावून एक चाक जॅकवर उचला. वर-खाली धरून हलवा. खटखट वाजले तर बेअरिंग गेले. हाताने फिरवा, घरघर आली तरी बेअरिंगच. मग ट्रॅक्टर जोडून चार-पाच किलोमीटर चालवून आणा आणि उतरल्याबरोबर चाकाच्या मधल्या हबला हात लावा. कोमट असेल तर चालेल. चटका बसला तर आतले काहीतरी घासते आहे.

टायरचे वय टायरवरच लिहिलेले असते, हे पुष्कळांना ठाऊक नसते. बाजूच्या भिंतीवर एका लांबट चौकटीत चार आकडे असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २३१९ असे असेल तर तो टायर २०१९ सालच्या तेविसाव्या आठवड्यात बनला. नक्षी खोल दिसते म्हणून टायर नवा, असे नाही. उन्हात पडून रबराला बारीक भेगा पडतात, आणि जुन्या टायरवर नवे रबर चढवूनही विकतात. आकडेच खरवडून काढलेले दिसले तर विचारायलाच नको. टायरची किंमत आजच्या बाजारात काय आहे ती घरून निघण्यापूर्वी दुकानात विचारून या, म्हणजे घासाघीस करताना हातात काही असेल.

हायड्रॉलिक असेल तर हौदा पूर्ण वर उचलायला लावा आणि पाच-दहा मिनिटे तसाच राहू द्या. हळूहळू खाली बसत असेल, पाइपच्या तोंडाशी तेल झिरपत असेल, तर खर्च आहे. एक कळकळीची सूचना. उचललेल्या हौद्याखाली डोके घालून पाहणी करायची नाही. भक्कम लाकडी टेकू लावल्याशिवाय हातसुद्धा घालायचा नाही. वरचा पत्रा पाहायचा मोह होतो आणि तेवढ्यात कोणाचा तरी हात लिव्हरवर पडतो.

जगभर ही पाहणी थोड्याफार फरकाने सारखीच आहे. अमेरिकेत आणि युरोपात लोक घरासारखी ट्रॉली मोटारीमागे जोडून सहलीला जातात. आत पलंग, चूल, पाण्याची टाकी, सगळा संसार. तीही जुनी, शेकडो मैलांवरची, फोटो पाहून घेण्याची रीत तिकडे आहे. तिथला जाणता गिऱ्हाईक पडदे-गाद्या पाहत नाही. तो आत शिरला की पाय दाबून जमीन पाहतो, कारण छतातून पाणी झिरपले की खालचे लाकूड कुजते आणि पाय आत दबतो. तिकडे लाकूड कुजते, इकडे पत्रा गंजतो. आपल्या देशातही ट्रॉलीचे घर झालेले सगळ्यांनी पाहिले आहे. २०२० च्या नोव्हेंबरपासून २०२१ च्या डिसेंबरपर्यंत दिल्लीच्या वेशीवर आंदोलनाला बसलेले पंजाब-हरियाणाचे शेतकरी ट्रॉलीवर ताडपत्री ओढून आतच राहिले, आत गवताच्या गाद्या आणि बाहेर चूल. त्यांनी काढलेल्या वर्तमानपत्राचे नावही 'ट्रॉली टाइम्स' होते. ट्रॉली काय काय सोसू शकते हे त्यावरून दिसले. असो. आपल्याला शेणखतच भरायचे आहे.

लोखंड पाहून झाले की कागद. आणि खरे सांगायचे तर घरे बुडतात ती लोखंडाने नव्हे, कागदाने.

मोटार वाहन कायदा १९८८ सालचा. त्या कायद्याने ट्रेलर, म्हणजे आपली ट्रॉली, हेसुद्धा मोटार वाहनच आहे. तिला स्वतःचे इंजिन नसले तरी तिची स्वतःची नोंदणी लागते आणि तिचे स्वतःचे नोंदणी पुस्तक असते. ट्रॅक्टरच्या पुस्तकावर ट्रॉली चालते असे कोणी सांगितले तर ऐकू नका. गावोगावी वर्कशॉपात बांधलेल्या, नोंदणीच न केलेल्या ट्रॉल्या फिरतात हे खरे आहे. त्या स्वस्त मिळतात हेही खरे. नोंदणी करायची म्हटली की उत्पादकाचे विक्री प्रमाणपत्र आणि वाहन रस्त्यावर चालण्यास योग्य असल्याचे त्याचे प्रमाणपत्र लागते. गावच्या वर्कशॉपवाल्याकडे बहुधा ते नसते, आणि जुन्या ट्रॉलीच्या बाबतीत ते मागून मिळण्याची आशा करू नये. नोंदणी नाही म्हणजे विमा नाही. विमा नाही म्हणजे उद्या सडकेवर कोणाच्या जिवाला काही झाले तर नुकसानभरपाई शेतावर येते.

नोंदणी पुस्तक म्हणजे ट्रॉलीचा सातबारा समजा. सातबाऱ्यावर जसे मालकाचे नाव पाहता तसे इथे पाहा, आणि इतर हक्कात जसा सोसायटीचा बोजा पाहता तसा इथेही पाहा. ट्रॉली कर्जावर घेतली असेल तर बँकेचे किंवा फायनान्स कंपनीचे नाव पुस्तकात असते. विकणारा म्हणेल, कर्ज केव्हाच फिटले. फिटले असेल तर बँकेचे पत्र आणि नमुना ३५ वर बँकेची सही दाखवा म्हणावे. ती मिळेपर्यंत बोजा आहे असेच धरायचे.

सरकारच्या परिवहन विभागाचे ॲप मोबाईलवर असते. त्यात ट्रॉलीचा क्रमांक टाकला की नोंदणी केव्हाची, विमा केव्हापर्यंत, कर्जाचा बोजा आहे का, हे दिसते. मालकाचे पूर्ण नाव दिसत नाही, पण अक्षरे जुळतात की नाही ते कळते. ज्या मोबाईलवर ट्रॉली पाहिली त्याच मोबाईलवर हे पाहायला पाच मिनिटे लागतात. घरातली शाळकरी पोरेही करून देतील. मग प्रत्यक्ष गेल्यावर चेसिसवर ठोकलेला क्रमांक पुस्तकातल्या क्रमांकाशी अक्षर न् अक्षर ताडून पाहा. त्या जागी घासल्याचे किंवा नवी पट्टी वेल्ड केल्याचे दिसले तर चहाही न पिता परत या.

आणखी एक विचारायचे. दंड बाकी आहे का, आणि ट्रॉली वाळूच्या प्रकरणात कधी अडकली होती का? महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ खाली विनापरवाना वाळू, मुरूम वाहणारे वाहन महसूल खाते जप्त करू शकते आणि दंडही जबर असतो. अशा भानगडीतली ट्रॉली कोणी घाईघाईने गळ्यातून काढत असेल तर ती दुसऱ्याच्या गळ्यात पडते.

सौदा ठरला तर स्टॅम्पपेपरवर लिहून घेतले आणि दोन साक्षीदारांच्या सह्या घेतल्या म्हणजे ट्रॉली आपली झाली, असे आपल्याकडे सर्रास समजतात. तसे नाही. विकणाऱ्याने नमुना २९ वर आणि दोघांनी नमुना ३० वर सह्या करायच्या. विकणाऱ्याने राज्यातल्या राज्यात चौदा दिवसांत विक्री कळवायची आणि घेणाऱ्याने तीस दिवसांत नाव बदलण्याचा अर्ज करायचा, असा कायदा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली एका प्रकरणात स्पष्टच सांगितले की, वाहन हातोहात कितीदाही विकले गेले तरी नोंदणीत ज्याचे नाव आहे तोच भरपाईला जबाबदार. म्हणजे नाव न बदलण्यात विकणाऱ्याचाही धोका आहे. हे विकणाऱ्याला समजावून सांगितले की तो सहीला टाळाटाळ करीत नाही. केलीच तर त्याच्या मनात काय आहे ते कळते. ज्याच्या नावावर ट्रॉली आहे तोच समोर बसलेला हवा. "माझ्या मेव्हण्याच्या नावावर आहे, तो पुण्याला असतो" हे उत्तर चालणार नाही. मालक वारला असेल तर आधी वारसाच्या नावावर होऊ द्या, मग घ्या.

कोल्हापूरचा क्रमांक एमएच ०९ ने सुरू होतो आणि आपल्या चंद्रपूरचा एमएच ३४ ने. राज्य एकच असल्याने नाव बदलले तरी क्रमांक तोच राहील. पण काहीजण राजुऱ्यावरून पलीकडे, आसिफाबाद-आदिलाबादकडे, ट्रॉली पाहायला जातात. अंतराने ते कोल्हापूरपेक्षा किती तरी जवळ. तरी ते तेलंगण, दुसरे राज्य. तिथून आणायची तर तिथल्या परिवहन कार्यालयाचे ना-हरकत प्रमाणपत्र, नमुना २८ वरचे, घेतल्याशिवाय निघू नका, आणि पुढे कायम इथे ठेवायची तर इथला क्रमांक घ्यावा लागतो. कोणत्या प्रकरणात कोणते कागद लागतील ते निघण्यापूर्वी चंद्रपूरच्या परिवहन कार्यालयात एकदा विचारून या. एका चकरेत दहा चकरा वाचतात.

आता त्या वीस हजारांकडे वळू. आजकाल अशी फसवणूक करणाऱ्यांची एक ठरीव पद्धत झाली आहे. फोटो दुसऱ्याच कोणाच्या तरी ट्रॉलीचा असतो. किंमत बाजारभावापेक्षा थोडीशीच कमी असते, फार कमी नाही, कारण फार कमी असली की माणूस दचकतो. विकणारा पुष्कळदा स्वतःला फौजी म्हणवतो, बदली झाली म्हणून विकतो आहे असे सांगतो, वर्दीतला फोटो आणि ओळखपत्रही पाठवतो. भद्रावतीत आयुध निर्माणी आहे, आपल्याकडे वर्दीचा मान मोठा आहे. त्या मानाचाच फायदा घेतला जातो. खरा फौजी ओळखपत्र अनोळखी माणसाला मोबाईलवर पाठवत नाही. मग आधी बुकिंगचे पैसे, ते मिळाले की गाडीभाड्याचे, मग कसल्याशा गेटपासचे, आणि प्रत्येक वेळी "हे परत मिळतील" असे गोड आश्वासन. काहीजण चौकोनी ठिपक्यांचे चित्र पाठवतात आणि म्हणतात, हे स्कॅन करून पिन टाका, तुमचे पैसे परत येतील. एक गोष्ट घरातल्या प्रत्येकाने पक्की लक्षात ठेवावी. पैसे द्यायला पिन लागतो, घ्यायला लागत नाही. पिन टाकला की पैसे गेलेच.

ताईंच्या घरचा विकणारा असाच आहे असे मी म्हणत नाही. तो सरळ माणूसही असेल. सरळ आहे की नाही हे ओळखण्याचे सोपे मार्ग आहेत. त्याला मोबाईलवर चालते चित्र दाखवायला सांगा. ट्रॉलीभोवती फिरून चेसिसचा क्रमांक आणि नोंदणी पुस्तक दाखव म्हणावे. गाव विचारा. त्या गावाकडे आपल्या ओळखीचे कोणी ना कोणी निघतेच. कोणाचा पोरगा तिकडच्या कारखान्यात आहे, कोणाची लेक तिकडे दिली आहे, शाळेतल्या गुरुजींचे गाव तिकडचे आहे. त्यांना म्हणावे, सायकलवर जाऊन एवढे पाहून या. सरळ विकणारा म्हणेल, "या बाप्पा, पाहून घ्या, मग पैशाचे बोलू." जो पाहायला येऊ देत नाही, पैशाचे मात्र रोज विचारतो, त्याचा नंबर बंद करून टाका.

आणि कोणाचे पैसे गेलेच असतील तर लाजेने गप्प बसू नका. १९३० या क्रमांकावर ताबडतोब फोन करा. सायबर गुन्ह्यांसाठी देशभराचा तो क्रमांक आहे. पैसे पुढच्या खात्यातून काढले जाण्यापूर्वी कळवले तर ते गोठवता येतात, म्हणून तासाला महत्त्व आहे. नंतर पोलीस ठाण्यात रीतसर तक्रार द्या. घरात भांडण काय ते त्यानंतर करा.

मोबाईलच्या फोटोत एक गोष्ट दिसत नाही, ती म्हणजे अंतर. कोल्हापूरहून सोलापूर, तुळजापूर, नांदेड, यवतमाळ, वणी करीत भद्रावती आठशे किलोमीटरच्या आसपास पडते. कारभारी म्हणतील, आपला ट्रॅक्टर नेतो आणि जोडून आणतो. ताशी वीस किलोमीटरने चाळीस तास जायला, चाळीस तास यायला. तासाला चार लिटर धरले तर जाऊन-येऊन तीनशे वीस लिटर डिझेल, लिटरला नव्वद रुपये धरा, अठ्ठावीस हजार आठशे झाले. वर आठ-दहा दिवसांचे खाणे, मुक्काम, आणि ट्रॅक्टरची झीज वेगळी. पंच्याऐंशीची ट्रॉली दारात येईपर्यंत एक लाख चौदा हजारांची झाली. परतीच्या ट्रकवर चढवून आणली तर थोडी कमी पडेल, पण तो दर आधी ठरवा आणि मग ट्रॉलीची घासाघीस करा. चढवायच्या-उतरवायच्या क्रेनचे पैसे कोण देणार तेही बोलून ठेवा.

म्हणून माझा सल्ला असा. पहिल्यांदा वरोरा, वणी, हिंगणघाट, वर्धा, यवतमाळ या टापूत पाहा. एका दिवसात जाऊन येता येते, मिस्त्री कंटाळत नाही, आणि पुढे काही निघाले तर विकणाऱ्याच्या दारात उभे राहता येते. चार-सहा आठवडे बाजारच्या दिवशी कृषी उत्पन्न बाजार समितीच्या आवारात उभे राहा, ट्रॉलीवाल्यांना विचारत राहा. तिथे उभी असलेली ट्रॉली म्हणजे चालती ट्रॉली. इथे सात-आठ हजार जास्त द्यावे लागले तरी कोल्हापूरच्या डिझेलपेक्षा ते कमीच. फायनान्स कंपन्या ओढून आणलेली वाहने लिलावात काढतात, तिकडेही काहीजण जातात. तिथे वस्तू आहे तशी घ्यावी लागते आणि मागून तक्रार चालत नाही, तेव्हा नवख्याने जाऊ नये. आणि त्याच कोल्हापूरच्या ट्रॉलीत जीव अडकला असेल तर वर्ध्याहून महाराष्ट्र एक्सप्रेस थेट कोल्हापूरला जाते. दोघांचे तिकीट काढा, मिस्त्रीला घ्या, पाहून या. पैसे नेऊ नका. पसंत पडली, कागद जुळले, तर तिथूनच ज्याच्या नावावर ट्रॉली आहे त्याच्याच बँक खात्यात भरा आणि पावती घ्या.

मुलीच्या प्रवेशाचे पैसे मात्र या हिशेबात धरू नका. ट्रॉली यंदा नाही तर पुढच्या उन्हाळ्यात मिळेल, आणि कदाचित बरी मिळेल. प्रवेशाची तारीख पुढे ढकलता येत नाही. हे कारभाऱ्यांनी दोनदा वाचावे.

ट्रॉली घरी आल्यावर विम्याचे काम त्याच आठवड्यात उरका. जुन्या मालकाची पॉलिसी असेल तर चौदा दिवसांत कंपनीला कळवून आपल्या नावाची नोंद करून घ्यायची असते. ट्रॅक्टरच्या पॉलिसीत ट्रॉलीचा उल्लेख आहे का तेही वाचून पाहा, नसेल तर करून घ्या. आणि मग पहिली मागणी येईल ती शेजाऱ्यांची. कोणाला वऱ्हाड न्यायचे असेल, कोणाला महाशिवरात्रीला यात्रेला माणसे, कोणाला कापूस वेचायला बाया. ट्रॉली माल वाहण्यासाठी आहे, माणसे वाहण्यासाठी नाही. कायद्याला ते मान्य नाही आणि अपघातात विमा कंपनी हात वर करते. नाही म्हणताना जड जाईल, नात्यातले लोक रुसतील, तरी नाही म्हणा. सोयाबीन घेऊन रात्री परत यायचे असेल तर मागच्या फाळक्यावर लाल परावर्तक पट्टी दोन्ही टोकांना लावून घ्या. नागपूर-चंद्रपूर रस्त्यावर कोळशाचे ट्रक रात्रभर धावतात आणि काळोखात उभी ट्रॉली त्यांना अगदी जवळ आल्यावर दिसते. पट्टी ट्रॅक्टरच्या सामानाच्या कोणत्याही दुकानात मिळते.